मोजणीची नळी

रस्त्यावर आडवी टाकलेली रबराची काळी नळी.
चाक गेलं की ती श्वास सोडते
आणि खांबाला साखळीनं बांधलेली डबी
एक आकडा पुढं सरकते.
दोन आठवड्यांनी डबी सिडनीला जाते.
मंत्र्यांच्या टेबलावर आमचा रस्ता पोचतो तो असा :
मातीविना, माश्यांविना,
रोज एकोणतीस वाहनं.
डांबराला साठ लागतात.

मी टिलबराचा पाटीवाला.
पाऊस झाला की बिजागरीची पाटी उलटवतो : रस्ता बंद.
इथली काळी माती बोटभर भिजली तरी
ट्रकची चाकं धरून ठेवते, सोडत नाही.
सुकली की पाटी परत उलटवतो.

अठरा वर्षांत सात मंत्री पाहिले.
खात्याच्या नावात कधी रस्ते आधी, कधी वाहतूक,
एकदा मधेच "प्रादेशिक" येऊन बसलं
आणि सगळी लेटरहेडं नव्यानं छापली.
हेल्मेट मात्र तेच, पांढरं.
गोदामात खुंटीला असतं,
फोटोआधी मीच पुसून देतो.

थेल्मा ऑर्किनला झटका आला त्या रात्री
पाटी बंद होती.
मीच केलेली. नियमानं.
रुग्णवाहिका वळसा घालून आली,
एकशे चाळीस किलोमीटर.
मला कुणी काही बोललं नाही.
तिच्या नवऱ्यानं तर दफनानंतर
माझ्या कपात स्वतः साखर ढवळली.

पुढच्या मोजणीला
मी जेवून गाडी काढली.
नळीवरून पलीकडे. वळून अलीकडे.
पलीकडे. अलीकडे.
दिव्यांच्या उजेडात एक एमू बराच वेळ उभा होता,
वेडा कोण, असं बघत.
चौदा रात्री.
बायको म्हणाली, बाई तरी ठेवली असतीस,
पेट्रोल कमी लागलं असतं.

मे महिन्यात मंत्रीणबाई स्वतः आल्या.
रोझलिंड टॅव्हर्नर, शहरी मतदारसंघाच्या,
बूट नवे, पण चिखलात पाय टाकताना थबकल्या नाहीत.
हातात माझे आकडे.
"रोज चौसष्ट," त्या म्हणाल्या.
"पैकी पस्तीस, रात्री दोन ते चार.
कोण जातं इथून?"
मी म्हणालो, कांगारू.
सचिवाला खोकला आला.
बाई हसल्या नाहीत.
नळीपाशी उकिडव्या बसल्या,
अंगठ्यानं दाबून पाहिली,
नाडी पाहावी तशी.
मग विचारलं,
"त्या रात्री पाटी कुणी लावली होती?"
म्हणजे फाईल त्यांनी शेवटपर्यंत वाचली होती.
मी हात वर केला,
शाळेत करतात तसा.
त्या म्हणाल्या, "माझ्याकडेही एक पाटी आहे.
फक्त ती मला इथून दिसत नाही."
एवढंच.
गाडीत बसल्या आणि काच वर गेली.

जूनमध्ये मंजुरी आली, बारा किलोमीटर.
ऑगस्टात फेरबदल झाला.
आता बाईंकडे मासेमारी.
नव्या मंत्र्यांनी बारातले पाच
पुढच्या अर्थसंकल्पावर ढकलले,
उरलेल्या सातांची फीत कापली,
हेल्मेट उलटं घातलं होतं, मी सांगितलं नाही.

डांबर संपतं तिथं सरळ रेघ आहे,
सुरीनं केक कापल्यासारखी.
रेघ ओलांडली की चाकांचा आवाज बदलतो
आणि कपाटातल्या बश्यांसारखं
गाडीतलं सगळं खुळखुळायला लागतं.
माझी पाटी आता तिथं हलवलीय.
ऑर्किनचं फाटक नवव्या किलोमीटरला.

सोमवारी पुन्हा नळी टाकणार आहेत.
मी टाकी भरून ठेवलीय.
काल दुकानात ऑर्किन भेटला,
पावाचे पैसे मोजत, मान वर न करता म्हणाला,
दोन गाड्या असल्या तर
लवकर उरकेल.